एका इंग्रजी शब्दाला अनेक डच शब्द: नेमका शब्द निवडायचा कसा?

इंग्रजी आणि डच या दोन्ही पश्चिम जर्मानिक शाखेच्या भाषा आहेत आणि त्यांचे नाते पहिल्याच पानावर दिसू लागते. इंग्रजी ‘वॉटर’ डचमध्ये ‘वाटर’ होतो, ‘हाउस’ ‘हौस’ होतो, ‘हँड’ ‘हांट’ होतो. या साम्यामुळे अनुवाद करणाऱ्याला एका इंग्रजी शब्दासमोर एक डच शब्द मांडत पुढे जाण्याची सवय लागते आणि अनेकार्थी शब्द समोर आला की हीच सवय घात करते. ‘मॅच’ मैदानावरची असेल तर डचमध्ये ती ‘वेटस्ट्रेइट’ असते, काडेपेटीतली असेल तर ‘ल्यूसिफेर’. ‘नेल’ भिंतीत ठोकायचा असेल तर ‘स्पेइकर’, बोटाचा असेल तर ‘नाघल’. अशी नामे मात्र फारसा त्रास देत नाहीत, कारण चुकीचा शब्द पडला तर वाक्य इतके विचित्र होते की चूक स्वतःहून पुढे येते. खरी परीक्षा असते ती रोजच्या वापरातल्या साध्या क्रियापदांची आणि ‘ओन्ली’, ‘स्टिल’, ‘व्हेन’ यांसारख्या छोट्या शब्दांची. तिथे चुकलेले वाक्यही वरवर ठीक दिसते आणि डच वाचकाला मात्र ते खटकते.

माझे म्हणणे असे आहे की इंग्रजी शब्दावरून थेट डच शब्दावर उडी मारू नये. आधी तो प्रसंग डोळ्यांसमोर आणावा, मग ते वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे आणि त्यानंतरच डच शब्द शोधावा. मराठीत म्हणून पाहताना इंग्रजीने एकाच शब्दात गुंडाळलेले अर्थ बऱ्याचदा आपोआप वेगळे होतात. हे साधन आपल्यापाशी जन्मापासून आहे. ते कुठे अचूक चालते आणि कुठे अपुरे पडते, एवढे मात्र ओळखता आले पाहिजे.

लिप्यंतराबद्दल थोडेसे. या लेखात डच शब्द उच्चाराला जवळ जाईल अशा रीतीने देवनागरीत लिहिले आहेत. डचमधला घशातून येणारा ‘ग’ शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये ‘घ’ने, तर शेवटी ‘ख’ने दाखवला आहे. क्रियापदाच्या शेवटचा ‘न’ बोलताना पुष्कळदा ऐकूच येत नाही, पण लिखाणात तो असतो म्हणून इथेही ठेवला आहे.

आधी वाक्य, मग शब्द

सुटा शब्द शब्दकोशात पाहणे ही या कामातली सर्वांत वाईट सुरुवात आहे. निदान ते पूर्ण वाक्य आणि शक्य असेल तर त्याच्या मागचे-पुढचे एकेक वाक्य वाचून घ्यावे. क्रियापद असेल तर आधी कर्ता पाहावा आणि मग कर्म आहे की नाही ते पाहावे, कारण निम्मे उत्तर तिथेच मिळते.

‘रन’ हे क्रियापद घेऊन हे जवळून पाहू. माणूस व्यायाम म्हणून रोज सकाळी धावत असेल तर डचमध्ये ‘हार्टलोपन’ म्हणतात. तोच माणूस गाडी चुकू नये म्हणून धावत सुटला तर ‘रेनन’. कर्ता बस असेल तर ती ‘रेइडन’ करते, म्हणजे चाकांवर चालते. नदी शहरातून ‘स्ट्रोमन’ करते. संगणकाचा प्रोग्रॅम सर्व्हरवर ‘ड्राइअन’ करतो, ज्याचा मूळ अर्थ फिरणे असा आहे. करार डिसेंबरपर्यंत ‘लोपन’ करतो आणि सर्दी झालेले नाकही ‘लोपन’च करते. कर्म आले की चित्र पुन्हा बदलते: एखादी बाई कंपनी ‘रन’ करत असेल तर ‘लेइडन’, म्हणजे नेतृत्व करणे, हे क्रियापद बसते. इंग्रजीतून थेट उचललेले ‘रनन’ हेही डचमध्ये रुळले आहे, पण ते चालवण्याच्याच अर्थाने. धावण्यासाठी ते वापरत नाहीत. आता हीच वाक्ये मराठीत म्हणून पाहावीत. माणूस धावतो, बस चालते, नदी वाहते, प्रोग्रॅम चालतो, करार डिसेंबरपर्यंत असतो, नाक गळते, बाई कंपनी चालवते. इंग्रजीचे एकसंध वाटणारे क्रियापद मराठीतच इतक्या ठिकाणी फुटले आहे. डच शब्द मराठी शब्दांशी एकास एक जुळत नाहीत हे उघड आहे, पण कुठे थांबून विचार करायचा ते मराठीने दाखवून दिले.

मराठी जिथे नेमकी वाट दाखवते

काही शब्दांच्या बाबतीत मराठीची आणि डचची विभागणी जवळजवळ सारखी आहे आणि तिचा पुरेपूर फायदा घ्यावा. ‘आय नो द आन्सर’, ‘आय नो हिम’ आणि ‘आय नो हाउ टु स्विम’ या तिन्हींत इंग्रजी एकच क्रियापद वापरते. मराठीत आपण म्हणतो: मला उत्तर माहीत आहे, मी त्याला ओळखतो, मला पोहता येते. डचमध्ये माहीत असणे म्हणजे ‘वेटन’, ओळखणे म्हणजे ‘केनन’ आणि येणे म्हणजे ‘कुनन’. इंग्रजी माध्यमातून डच शिकणाऱ्यांना या तीन क्रियापदांसाठी नियम पाठ करावे लागतात. मराठी माणसाने फक्त आपले वाक्य ऐकायचे आहे.

‘रिमेंबर’चे तसेच आहे. लक्षात ठेवणे म्हणजे ‘ऑन्टहौडन’ आणि आठवणे म्हणजे ‘झिख हेरिनरन’. पासवर्ड ‘ऑन्टहौडन’ करायचा असतो, बालपणीचे घर ‘हेरिनरन’ होते. ‘ट्राय’मध्ये प्रयत्न करून पाहणे असेल तर ‘प्रोबेरन’, चव घेऊन पाहणे असेल तर ‘प्रूव्हन’ आणि कपडे घालून पाहणे असेल तर ‘पासन’. ‘रेंट’ करणारा भाडेकरू असेल तर ‘ह्यूरन’ आणि मालक असेल तर ‘व्हरह्यूरन’. भाड्याने घेणे आणि भाड्याने देणे यांतला फरक मराठीइतकाच डचमध्येही सक्तीचा आहे. ‘लिव्ह’मध्ये पत्त्यावर राहणे असेल तर ‘वोनन’ आणि जिवंत असणे किंवा जगणे असेल तर ‘लेव्हन’.

‘ओन्ली’वर जरा थांबावे लागेल, कारण हा छोटा शब्द अनुवादकाला सर्वांत जास्त छळतो. ‘माझ्याकडे फक्त दहा युरो आहेत’ यात संख्या कमी आहे एवढेच सांगायचे आहे. तिथे डच ‘मार’ वापरतात, किंवा औपचारिक लिखाणात ‘स्लेख्ट्स’. ‘आत्ता कुठे दहा वाजले आहेत’ यात मात्र वेळ अपेक्षेपेक्षा मागे आहे असा भाव आहे आणि त्यासाठी डचमध्ये ‘पास’ हा स्वतंत्र शब्द आहे. ‘फक्त सभासदांसाठी’ यात इतरांना वगळायचे आहे, म्हणून ‘आलेन’. ‘एकुलते एक मूल’ म्हणायचे असेल तर ‘एनख किंट’. इंग्रजीत या चारही ठिकाणी एकच शब्द आहे. अनुवाद करताना वाक्यात ‘आत्ता कुठे’ बसते का, एवढे तपासले तरी ‘पास’ आणि ‘मार’ यांची गल्लत होत नाही. याच धर्तीवर ‘स्टिल’ म्हणजे ‘अजून’ असेल तर ‘नॉख’ आणि ‘तरीही’ असेल तर ‘टॉख’.

‘लीव्ह’साठीही मराठीचा चांगला आधार मिळतो. निघणे म्हणजे ‘व्हरट्रेकन’, एखादी जागा किंवा व्यक्ती सोडून जाणे म्हणजे ‘व्हरलाटन’, दार उघडे राहू देणे म्हणजे ‘लाटन’, काम दुसऱ्यावर सोपवणे म्हणजे ‘ओव्हरलाटन’ आणि कार्यालयातली रजा म्हणजे ‘व्हरलॉफ’. छत्री गाडीत विसरली असेल तर डच माणूस ती ‘लाटन लिघन’ केली असे म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘पडून राहू दिली’. हे ‘लिघन’ पुढच्या भागात फार महत्त्वाचे ठरणार आहे.

मराठी जिथे पुरी पडत नाही

वस्तू कुठेतरी ‘पुट’ करण्यासाठी मराठीत ‘ठेवणे’ हे एकच क्रियापद बहुतेक प्रसंगांना पुरते आणि ती वस्तू तिथे ‘असते’. डचमध्ये हे चालत नाही. वस्तू कोणत्या स्थितीत आहे हे डच वाक्य सांगते आणि ठेवण्याचे क्रियापदही त्या स्थितीवरून ठरते. उभी असलेली वस्तू ‘स्टान’ करते, आडवी पडलेली ‘लिघन’ करते, कशाच्या तरी आत असलेली ‘झिटन’ करते आणि टांगलेली ‘हांगन’ करते. त्यानुसार उभी ठेवणे म्हणजे ‘झेटन’, आडवी ठेवणे म्हणजे ‘लेघन’, आत घालणे म्हणजे ‘स्टॉपन’ किंवा बोलण्यात नुसते ‘डून’, आणि टांगणे म्हणजे ‘हांगन’.

म्हणून बाटली टेबलावर ‘झेटन’ करावी लागते. पुस्तक टेबलावर ‘लेघन’ करतात, पण तेच पुस्तक कपाटात इतर पुस्तकांच्या रांगेत ठेवायचे असेल तर ‘झेटन’ करतात, कारण तिथे ते उभे राहते. किल्ली खिशात ‘स्टॉपन’ करतात आणि मग ती खिशात ‘झिट’, म्हणजे बसलेली असते. कोट अडकवला की तो ‘हांग्ट’. इथपर्यंत डोळ्यांना दिसते तसेच चालले आहे. पण ताट चपटे असूनही टेबलावर ‘स्टाट’ (‘स्टान’चे रूप), कारण ते आपल्या तळावर, वापरासाठी मांडलेल्या स्थितीत आहे. चेंडूला उभे-आडवे काहीच नसते, तरी तो ‘लिख्ट’ (‘लिघन’चे रूप). जोडे तळव्यांवर असले तर ‘स्टान’. गाडी रस्त्याच्या कडेला ‘स्टाट’, जहाज बंदरात ‘लिख्ट’, शहर नकाशावर ‘लिख्ट’: उत्रेख्त नेदरलँड्सच्या मध्यभागी ‘लिख्ट’ असेच म्हणतात. कॉफीत साखर ‘झिट’. आणि छापलेला मजकूर नेहमी ‘स्टाट’; वर्तमानपत्रात बातमी उभी असते, कागदावर नाव उभे असते.

यासाठी एक व्यवहार्य रीत आहे. ‘पुट’ समोर आला की आधी ठेवण्याचे क्रियापद शोधू नये. ठेवून झाल्यावर ती वस्तू तिथे काय करते, हे आधी ठरवावे. ‘स्टान’ ठरले तर ‘झेटन’, ‘लिघन’ ठरले तर ‘लेघन’, ‘झिटन’ ठरले तर ‘स्टॉपन’. इंग्रजीत जिथे नुसते ‘इज’ आहे तिथेही हाच प्रश्न विचारावा. ‘द बुक इज ऑन द टेबल’चा अनुवाद करताना डचमध्ये ‘इस’ वापरला तर अर्थ कळतो, पण वाक्य परक्याचे आहे हेही कळते.

‘व्हेन’साठी मराठीत ‘जेव्हा’ एकटाच पुरतो, म्हणून तिथेही सावध राहावे. भूतकाळात एकदाच घडून गेलेल्या गोष्टीसाठी किंवा सरलेल्या एका काळासाठी डचमध्ये ‘टुन’ येतो: मी सहा वर्षांचा होतो तेव्हा, आम्ही घरी पोहोचलो तेव्हा. वारंवार घडणाऱ्या किंवा पुढे घडायच्या गोष्टीसाठी ‘आल्स’ येतो, मग ती वारंवारता भूतकाळातली का असेना: पाऊस पडला की आम्ही घरीच थांबत असू. आणि प्रश्न असेल, सरळ किंवा आडवळणाने विचारलेला, तर ‘वानेर’: तो कधी येणार ते मला माहीत नाही. इथे मराठीचा एक धागा हाती लागतो. ‘जेव्हा’च्या जागी ‘की’ किंवा ‘तर’ सहज बसत असेल तर बहुधा ‘आल्स’ हवा असतो, आणि ‘कधी’ बसत असेल तर ‘वानेर’. ‘देन’चेही याच रीतीने दोन भाग होतात: भूतकाळात ‘टुन’, पुढच्या गोष्टीसाठी ‘डान’.

तिसरा शब्द ‘थिंक’. मराठीत ‘मला वाटते तो आजारी आहे’ आणि ‘मला हा चित्रपट लांबलचक वाटतो’ या दोन्ही वाक्यांत वाटणेच आहे, म्हणून मराठी इथे मदत करत नाही. डचमध्ये अंदाज असेल तर ‘डेंकन’ आणि मत असेल तर ‘व्हिंडन’. चित्रपट अजून पाहिला नाही, पण तो लांब असावा असा अंदाज आहे, तर ‘डेंकन’; पाहून झाला आणि कंटाळा आला, तर ‘व्हिंडन’. जे म्हटले आहे ते उद्या खरे किंवा खोटे ठरवता येईल का, असे विचारावे. तो आजारी आहे की नाही हे ठरवता येते, म्हणून तिथे ‘डेंकन’. चित्र सुंदर आहे की नाही हे पुराव्याने ठरत नाही, म्हणून ‘इक व्हिंट हेट मोइ’.

कागदोपत्री भाषेत ‘ॲप्लिकेशन’ फसवतो आणि मराठी ‘अर्ज’ही तसाच फसवतो. नोकरीचा अर्ज म्हणजे ‘सॉलिसिटाट्सी’. परवाना, व्हिसा किंवा अनुदान यांसाठीचा अर्ज म्हणजे ‘आनव्हराख’. नियमाचे किंवा सिद्धांताचे उपयोजन असेल तर ‘टुपासिंग’. व्हिसाच्या कागदपत्रांत ‘सॉलिसिटाट्सी’ पडला तर वाचणाऱ्याला हे कागद नोकरीविषयी आहेत असे वाटेल. ‘सेव्ह’ही असाच आहे: फाइल जतन करणे ‘ऑपस्लान’, जीव वाचवणे ‘रेडन’, पण पैसे वाचवण्याचे पुन्हा दोन प्रकार. सायकल घेण्यासाठी थोडे थोडे साठवत असाल तर ‘स्पारन’, खर्च कमी झाल्यामुळे वाचले असतील तर ‘बस्पारन’. एका उपसर्गाचा फरक आहे, पण जाहिरातीत तो चुकला की सवलतीची बचत योजना होते.

‘राइट’चे अर्थ मराठीत नीट सुटतात: उजवीकडे म्हणजे ‘रेख्ट्स’, हक्क म्हणजे ‘रेख्ट’, बरोबर उत्तर म्हणजे ‘यौस्ट’ किंवा ‘घुट’. पण ‘यू आर राइट’ हे वाक्य डचमध्ये असणे या क्रियापदाने होत नाही. ‘ये हेप्ट घलेइक’ असे म्हणतात, म्हणजे शब्दशः तुझ्याकडे ‘घलेइक’, म्हणजे बरोबर असणे, आहे. शब्दाचा अर्थ बरोबर शोधूनही वाक्याची घडण चुकू शकते, म्हणून शब्दाबरोबर त्याचे क्रियापदही शब्दकोशातून उचलावे.

इंग्रजीत नसलेली माहिती जेव्हा डच मागते

काही वेळा इंग्रजी वाक्य कितीही वाचले तरी उत्तर मिळत नाही, कारण ते त्यात नसतेच. ‘कझिन’ हा मुलगा आहे की मुलगी हे इंग्रजीत कळत नाही. डचमध्ये मुलगा ‘नेफ’ आणि मुलगी ‘निख्ट’, त्यामुळे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उलट बाजूने ‘नेफ’ म्हणजे चुलत-मामे-आते-मावस भाऊही आणि पुतण्या-भाचाही. इंग्रजी मजकुरात ‘कझिन’ आणि ‘नेफ्यू’ दोघेही एकाच प्रसंगात असतील तर डचमध्ये दोघेही ‘नेफ’ होतात आणि वाचक गोंधळतो. अशा वेळी पुतण्या-भाच्यासाठी ‘ओमझेघर’, म्हणजे ‘काका-मामा म्हणणारा’, असा शब्द उपलब्ध आहे. तो जड वाटला तर ‘माझ्या भावाचा मुलगा’ असे सरळ लिहावे.

‘यू’ हा याच वर्गातला. डचमध्ये एका जवळच्या माणसासाठी ‘येइ’ किंवा ‘ये’, अनेक जवळच्यांसाठी ‘युली’ आणि आदरार्थी, एकाला किंवा अनेकांना, ‘यू’. मराठीतले ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यावर हे तीन शब्द जसेच्या तसे बसत नाहीत, कारण मित्रांच्या गटाला आपण ‘तुम्ही’ म्हणतो ते डचमध्ये आदरार्थी नसते. मजकूर कोणासाठी आहे हे काम हाती घेतानाच विचारून घ्यावे आणि एकदा ठरवलेले संबोधन शेवटपर्यंत पाळावे. एकाच पत्रात ‘यू’ आणि ‘ये’ मिसळले की पत्र निष्काळजीपणे लिहिल्यासारखे दिसते.

सर्वांत कठीण काम म्हणजे ॲप किंवा संकेतस्थळासाठी आलेली सुट्या शब्दांची यादी. ‘ऑर्डर’ हे बटण असेल तर ‘बेस्टेलन’, खरेदीची नोंद असेल तर ‘बेस्टेलिंग’, क्रम लावण्याची सोय असेल तर ‘व्होल्घऑर्डे’. ‘फ्री’ म्हणजे विनामूल्य असेल तर ‘घ्राटिस’, मोकळे किंवा उपलब्ध असेल तर ‘व्हरेइ’. ‘चार्ज’ बॅटरीचा असेल तर ‘ऑपलाडन’, पैशांचा असेल तर ‘इन रेकनिंग ब्रेंगन’, न्यायालयातला असेल तर ‘आनक्लाख्ट’. ‘सेकंड’ वेळेचा असेल तर ‘सेकोंडे’, क्रमाचा असेल तर ‘ट्वेडे’. या याद्यांवर अंदाजाने काम करू नये. प्रत्येक शब्द पडद्यावर कुठे दिसतो याचे चित्र मागावे आणि ते मिळत नसेल तर शंका असलेल्या शब्दांसमोर प्रश्न लिहून यादी परत पाठवावी. बटणावर डचमध्ये सहसा क्रियापदाचे मूळ रूप येते हे माहीत असले म्हणजे क्रियापद की नाम, हा प्रश्न तरी लवकर सुटतो. यांत्रिक अनुवादालाही हाच नियम लागू आहे: त्याला सुटा शब्द दिला तर तो सर्वांत प्रचलित अर्थ उचलतो, पूर्ण परिच्छेद दिला तर बराच सुधारतो, आणि तरीही वर सांगितलेली माहिती मजकुरातच नसेल तर तोही अंदाजच करतो.

निवडलेला डच शब्द उलटा तपासणे

डच शब्द सापडला की काम संपले असे समजू नये, कारण त्या शब्दालाही स्वतःचे अनेक अर्थ असू शकतात. ‘बांक’ म्हणजे पैशांची बँक आणि बसायचा सोफा किंवा बाकही. ‘ती बँकेत काम करते’ हे डचमध्ये ‘ऑप डे बांक’ असे लिहिले तर ती सोफ्यावर बसून काम करते असेही वाचले जाईल. ‘बेइ डे बांक’ लिहिले की शंका राहत नाही. ‘लेनन’ म्हणजे उसने घेणेही आणि उसने देणेही, म्हणून ‘व्हान’ (कडून) किंवा ‘आन’ (ला) हे शब्दयोगी लावून दिशा स्पष्ट करावी लागते, किंवा देण्यासाठी ‘औटलेनन’ वापरावे. ‘लेरन’ म्हणजे शिकणे आणि शिकवणे दोन्ही. ‘क्रान’ म्हणजे पाण्याचा नळ आणि बांधकामावरचे अवजड यंत्रही.

नामाआधी येणाऱ्या ‘डे’ किंवा ‘हेट’ या डच आर्टिकलकडे दुर्लक्ष केल्यास हाच घोटाळा होतो. ‘हेट बॉस’ म्हणजे जंगल, ‘डे बॉस’ म्हणजे जुडी. ‘हेट पाट’ म्हणजे पायवाट, ‘डे पाट’ म्हणजे भेक. ‘डे पॉर्टीर’ हा दारावरचा माणूस, ‘हेट पॉर्टीर’ हे मोटारीचे दार. अनेकवचनातही फरक दडलेला असतो: ‘ब्लाट’ झाडाचे पान असेल तर अनेकवचन ‘ब्लाडरन’, नियतकालिक असेल तर ‘ब्लाडन’. आणि ‘व्होरकोमन’मध्ये आघात पहिल्या भागावर असेल तर ‘आढळणे’ असा अर्थ होतो व क्रियापद वाक्यात दोन तुकड्यांत फुटते. आघात दुसऱ्या भागावर असेल तर ‘टाळणे, प्रतिबंध करणे’ असा अर्थ होतो व ते एकसंध राहते. वैद्यकीय मजकुरात एखादा आजार ‘आढळतो’ आणि ‘टाळता येतो’ यांत किती अंतर आहे हे सांगायला नको.

या तपासणीसाठी इंग्रजी-डच शब्दकोश पुरेसा नाही. डच-डच शब्दकोशच हवा. योहान हेंड्रिक व्हान डाले यांच्या नावाने ओळखला जाणारा मोठा शब्दकोश नेदरलँड्समध्ये घरोघरी प्रमाण मानला जातो. व्हान डाले स्वतः 1872 मध्ये वारले, पण त्यांचे नाव आता शब्दकोशाचेच नाव झाले आहे. त्यात अर्थ क्रमांकांनी वेगळे केलेले असतात. आपला अर्थ कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावे आणि तिथल्या उदाहरणाशी आपले वाक्य जुळवावे. लेखन, आर्टिकल आणि अनेकवचन यांसाठी 1954 पासून निघणारी, हिरव्या मुखपृष्ठामुळे ‘हेट घ्रूने बूक्ये’ म्हटली जाणारी अधिकृत शब्दयादी आहे. अर्थासाठी मात्र ती पाहू नये. जुना मजकूर हाती आला तर 1864 मध्ये पहिला हप्ता निघालेला आणि 1998 मध्ये पूर्ण झालेला ‘वोर्डनबूक डेर नेडरलांट्शे टाल’ हा शब्दकोश शब्दाचा इतिहासासह उलगडा करतो.

वाचक कुठला आहे हेही याच टप्प्यावर पाहावे. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी 1980 मध्ये करार करून भाषेसाठी ‘टालयूनी’ ही सामाईक संस्था स्थापन केली आणि लेखनाचे नियम दोन्हीकडे एकच आहेत, पण शब्दांचे अर्थ सगळीकडे सारखे नाहीत. ‘लोपन’ म्हणजे नेदरलँड्समध्ये चालणे, फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, बहुधा पळणे. ‘टास’ म्हणजे उत्तरेत पिशवी, दक्षिणेत कप. ‘स्खोन’ म्हणजे उत्तरेत स्वच्छ, फ्लँडर्समध्ये सुंदरही. दोन्ही देशांत जाणारा मजकूर असेल तर असे शब्द टाळून दुसरे घ्यावेत.

मूळ लेखकाला दोन्ही अर्थ हवे असतील तेव्हा

एक प्रकार उरतो: शब्दाचे दोन्ही अर्थ मुद्दाम वापरलेले असतात. कधी कधी डच शब्दही दोन्ही अर्थ झेलतो. ‘लाइट’ म्हणजे उजेड आणि हलका, हे दोन्ही ‘लिख्ट’मध्ये (‘लिघन’च्या रूपाहून हा वेगळा शब्द) मावतात, म्हणून तो श्लेष तसाच राहतो. बहुतेक वेळा मात्र असे होत नाही. तेव्हा शब्द वाचवण्याच्या मागे न लागता त्या वाक्याचे काम काय आहे ते पाहावे.

वर्षातून दोनदा घड्याळ बदलताना लक्षात राहावे म्हणून इंग्रजीत ‘स्प्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात. त्यात ‘स्प्रिंग’ हा वसंत ऋतूही आहे आणि उडी मारणेही. डचमध्ये ऋतूचा ‘लेंटे’ आणि उडी मारण्याचे ‘स्प्रिंगन’ यांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यामुळे शब्दशः अनुवादातून काहीच निघत नाही. पण वाक्याचे काम लक्षात ठेवायला मदत करणे हे आहे आणि त्यासाठी डच लोकांची स्वतःची युक्ती आहे: ‘व्होरयार’मध्ये घड्याळ ‘व्होरौट’, म्हणजे पुढे जाते. ‘व्होरयार’ म्हणजेही वसंतच. एरवी तो आणि ‘लेंटे’ यांपैकी कोणताही चालला असता. या वाक्यात मात्र ‘व्होर’ ही सुरुवात दोन्ही शब्दांत हवी आहे, म्हणून ‘लेंटे’ बाजूला ठेवावा लागतो.